आंबोलीच्या भिंतीतला पंजा

आंबोलीच्या त्या हॉटेलाचं कौतुक मला सांगू नका रं. गोऱ्या साहेबाचा पडीक बंगला होता त्यो. ऐंशीच्या सुमारास हॉटेल करायला घेतला, तवा बेळगावहून आमचे वडील, आप्पा, गवंडी म्हणून गेलते. कॉलेजला सुट्टी, म्हणून मीबी गेलतो.

इंजिनिअर म्हणाला, "हॉलचा जुना गिलावा सगळा खरवडा."

आप्पांनी वरचा थर काढला आणि थापी खालीच ठेवली. आतल्या चुन्यात पंजा उमटलेला. चारच बोटं, करंगळी न्हाय.

"कुणाचा वो, आप्पा?"

"माझ्या बापाचा. करंगळी दगडाखाली गेलती त्याची. आपल्यात शेवटचा थर द्यायच्या आधी पंजा उमटवत्यात."

इंजिनिअरनं डोक्यावरची टोपी काढली. "ह्याला काच बसवू या," म्हणाला.

"नगो. झाकायचाच असतोय."

आप्पांनी शेजारी ओला चुना लावला, आपला पंजा दाबला आणि दोन्हींवर गिलावा केला. मग मला म्हणाले, "तिसऱ्याला जागा सोडलीया."

आणि मी? जन्मभर कचेरीत शिक्के मारत बसलो.