विहिरीजवळचा पिवळा चौकोन

नकाशावर पिवळा म्हणजे अजून बांधलेलं नाही, साहेब. लाल म्हणजे उभं असलेलं दगडी बांधकाम, पिवळा म्हणजे नुसता बेत — हे मी तुम्हाला सांगायचं? राजाच्या इंजिनिअरांच्या शाळेत दोन वर्षं केलंत काय मग, केसांच्या टोपाला पावडर लावलीत? रागावू नका हो, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय — बोनाफूसाहेबांनी अख्ख्या बेटाला तटबंदी घातली, पण खुर्चीचा पाय काही त्यांच्यानं झाला नाही. सव्वीस वर्षं राहिले माझ्या या खोलीत. उन्हाळाभर साखळी घेऊन किनारा मोजायचे, हिवाळाभर इथं नकाशा काढत बसायचे, मग तो व्हर्सायला, राजाच्या दरबारी जायचा. मागच्या महिन्यात पुरलं त्यांना. तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा, त्यांच्याच जागी आलात.

तर विहिरीजवळचा हा चौकोन कसला ते सांगा, नाहीतर पुसून टाका, असा व्हर्सायहून हुकूम आलाय? बरा दिसला यांना सव्वीस वर्षांनी! दारूकोठार असेल म्हणे! अहो, दारूकोठारामागं कोबीचे वाफे असतात का? नीट बघा. घर आहे ते. कुणाचं म्हणजे — आता काय सांगायचं — खारे मासे विकणाऱ्या एका विधवेचं आणि एका इंजिनिअरचं व्हायचं होतं. हसा, हसा, मीही हसले होते. पहिल्याच हिवाळ्यात मला बोलावून म्हणाले, "पेरीन, हे बघ, इथं आपण राहू." अशी मागणी घालतात होय? माणूस फुलं आणतो, यांनी नकाशा दाखवला! आणि लग्नाला राजाची परवानगी लागते — तुम्हालाही लागेल, आत्ताच सांगून ठेवते. चौदा महिन्यांनी उत्तर आलं, बाईकडे इस्टेट नाही, सबब नामंजूर. मी म्हटलं, सोडा नोकरी, माझ्याबरोबर मासे खारवा. तर म्हणे, एवढा बुरूज पुरा होऊ दे, मग पुन्हा अर्ज करू. बुरूज कधी पुरा होतो का? समुद्र एका बाजूनं खातो, हे दुसऱ्या बाजूनं बांधतात. पण चौकोन मात्र दर हिवाळ्यात काढायचे. एकदा तर खिडकी वाढवली, मला बंदर दिसावं म्हणून.

पुढं डोळे अधू झाले त्यांचे. रेघा चाचपत मारायचे, रंग मी भरायची — एका शिंपल्यात लाल, एका शिंपल्यात पिवळा. अर्धी इंजिनिअरच आहे मी! नऊ वर्षं तुमच्या व्हर्सायला पत्ता लागला नाही. काय? हो, चौकोनसुद्धा. नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी... त्यांनी सोडून दिला होता. म्हणाले, "पेरीन, राहू दे आता, म्हातारे झालो." मी बरं म्हटलं आणि चौकोन माझ्या हातानं काढत राहिले. त्यांना कुठं दिसत होतं?

एवढं बोलायचं नव्हतं मला. तुम्ही गप्प बसून माणसाकडून सगळं काढून घेता, वाईट खोड आहे ही. आणि तो चाकू कशाला? खरवडायला? खरवडा, हुकमाचे ताबेदार तुम्ही. मी बघत नाही.

थांबलात का? — नाही, नाही, लाल नको! ठेवा तो शिंपला खाली. न बांधलेलं लाल करायचं नसतं, एवढी शिस्त त्यांनी लावलीय मला. पिवळाच असू द्या. व्हर्सायला लिहा, काम सुरू झालं नाही. रद्द झालं असं मात्र लिहू नका.

निघा आता, माझं सूप उतू चाललंय.