आठ दिवसांची रजा

आमच्या दवाखान्यातल्या गंगूबाईचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही. साथीच्या वर्षी मी कर्जतला कंपाउंडर होतो आणि वरून आलेली सूचनापत्रं सगळ्या नोकरांना वाचून दाखवायचो. एकदा वाचलं, मुंबईहून आलेल्या माणसाला दहा दिवस वेगळं ठेवा. गंगूबाई आमच्याकडे आया होती, तिनं ते नीट ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तिचा मुंबईच्या गिरणीतला नवरा वर्षभरानं घरी आला. तिनं त्याला गोठ्यात उतरवलं आणि भाकरी दारात ठेवून ती मागं सरायची.

पुढं मी विचारलं, "गंगूबाई, भरले का दहा दिवस?"

"नाय भाऊ. रजा आठच दिसांची व्हती. अंगनात लांब बसून बोलायचो आमी. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी माजा पदराखालीच ठेवला."