टीचरना परत का यावं लागलं

पाळकसाहेब, मंगलताई, टीचरच्या सोसायटीतले शेजारी, त्यांचे शाळेतले जुने विद्यार्थी आणि आपली सगळी मंडळी, सलाम.

टीचरच्या आजच्या स्मरणसभेत बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मी वेळ मागून घेतला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभाकर, तीन मिनिटं." मी हो म्हणालो, पण तीन मिनिटांत होणार नाही, माफ करा. मध्येच थांबलो तर थांबू द्या मला, कुणी पाणी घेऊन धावू नका.

आत्तापर्यंत चौघं बोलले. साळवे टीचर प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या, नेरूळच्या अर्ध्या पोरांना त्यांनी इंग्रजी शिकवलं. सगळं खरं आहे. पण एका ठिकाणी चौघांनीही उडी मारली. रिटायर झाल्यावर टीचर परदेशात गेल्या, विद्यापीठातल्या मुलांशी इंग्रजीत गप्पा मारायला, सुवार्तेच्या, म्हणजे येशूची ओळख करून द्यायच्या कामासाठी. आपणच पाठवलं त्यांना. तीन वर्षांसाठी गेल्या आणि सव्वा वर्षात परत आल्या. का परत आल्या? मंडळी, ह्या हॉलमधल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी शेजारच्याच्या कानात विचारलंय. आज मी मोठ्याने सांगतो.

देशाचं नाव घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कृपा करून घेऊ नका.

काम साधं होतं. गुरुवारी संध्याकाळी टीचरच्या खोलीत आठ-दहा मुलंमुली यायची. टीचर आलं घालून चहा करायच्या आणि एक विषय द्यायच्या. माझ्या घरचं जेवण. मला कशाची भीती वाटते. मोडकंतोडकं बोला, पण बोला. मध्येच चूक काढायची नाही, हा टीचरचा नियम. शाळेत आमच्या पोरांना हा नियम कधी लावला नाही बरं का, तिथे फूटपट्टी असायची!

मी एकदा फोनवर त्यांना डिवचलं. म्हटलं, "टीचर, इंग्रजीचं गाजर दाखवून देवाकडे ओढताय म्हणा की. कळंबोलीला आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मला हेच ऐकवतात." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रभाकरभाऊ, मी पहिल्याच दिवशी सांगते की मी ख्रिस्ती आहे, मला मंडळीने पाठवलंय. ज्याला फक्त इंग्रजी हवं त्याला फक्त इंग्रजी मिळतं. कुणी विचारलं तरच मी पुढे बोलते. बहुतेक जण विचारत नाहीत, चहा पितात आणि जातात."

आणि एक गोष्ट त्यांनी मला बजावली होती. तिथे शिकवायची परवानगी होती, धर्माबद्दल बोलायची नव्हती. "मला पकडलं तर घरी पाठवतील," त्या म्हणाल्या, "माझं काय जातंय? पण मुलांचं सगळं जातं. म्हणून मी पत्रात कुणाचं नाव लिहिणार नाही."

आता आपली मंडळी कशी आहे, तुम्हाला माहीत आहे. आपल्याला नावाशिवाय प्रार्थना करता येत नाही. 'एक आजारी बंधू' म्हटलं की आपलं समाधान होत नाही. पूर्ण नाव पाहिजे, हॉस्पिटल पाहिजे, वॉर्ड पाहिजे, शक्य असेल तर फोटो पाहिजे. टीचरचं पत्र दर महिन्याला यायचं आणि मी ते उपासनेनंतर वाचायचो. त्यात असायचं, 'एका विद्यार्थिनीसाठी प्रार्थना करा, ती प्रश्न विचारायला लागली आहे.' आणि वाचून झालं की तुम्ही मला घेरायचात. कोण? कुठली? नाव काय? नाव नसेल तर देवाला सांगायचं तरी कसं?

मी तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही विचारलंत, पण केलं मी.

मी टीचरच्या मागे लागलो. तीन फोन केले. म्हटलं, लोकांचा उत्साह कमी होतोय, निदान मला तरी सांगा. शेवटी त्यांनी सांगितलं. मुलीचं नाव, ती कुठल्या वर्षाला आहे ते, आणि चहाचा कप हातात धरलेला तिचा एक फोटो. सोबत लिहिलं, 'फक्त तुमच्यासाठी, प्रभाकरभाऊ.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते आपल्या प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकलं. नाव, फोटो, विद्यापीठ. वर जोडलेल्या हातांचं चित्र. खाली लिहिलं, ही आपली बहीण प्रभूकडे येत आहे.

ऐंशी जणांनी आमेन म्हटलं. मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू! कुणीतरी ते कोपरखैरण्याच्या ग्रुपवर पाठवलं, तिथून पुण्याला गेलं, तिथून कुठे गेलं मला माहीत नाही. तीन आठवड्यांनी तोच फोटो विद्यापीठाच्या ऑफिसात टेबलावर होता, हे टीचरनीच मला नंतर सांगितलं.

मुलीचं शेवटचं वर्ष होतं. इंजिनिअरिंगचं. तिला काढून टाकलं. तिच्या वडिलांना गावाहून बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर तिची खोली रिकामी करायला लावली. टीचरना चार दिवसांत देश सोडायला सांगितलं. टीचर तिला भेटायला तिच्या घरी गेल्या, तर कुणी दार उघडलं नाही.

त्या परत आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "व्हिसाचा प्रॉब्लेम झाला." एवढंच. मग तुम्ही काय म्हणालात? भांडल्या असतील. जमलं नसेल. काहीतरी केल्याशिवाय का कुणी परत पाठवतं? कमिटीने त्यांना बोलावलं, स्पष्टीकरण मागितलं. टीचर त्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी समोर. कमिटीचा सेक्रेटरी मी, मिटिंगचं लिहून घेणारा मी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "सांगण्यासारखं काही नाही."

आणि मी लिहिलं, समाधानकारक उत्तर मिळालं नाही. माझ्याच अक्षरात आहे ते. पाळकसाहेब, वही तुमच्या कपाटात आहे. बघा.

त्यानंतर आपण त्यांना संडे स्कूलचा वर्ग दिला नाही. सांत्वनाला जाणाऱ्या बायकांनी त्यांना सोबत नेणं बंद केलं. दोन वर्षं त्या मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायच्या. मंगलताई, तुम्ही मला दोनदा विचारलंत, "भाऊ, माझ्या बहिणीचं काय चुकलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का?" मी नाही म्हणालो. तुमच्या घरात बसून, तुमच्या हातचा चहा पीत नाही म्हणालो.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये गेलो, ते कबूल करायलाच. टीचरना बोलताना दम लागत होता. मी खुर्ची ओढली आणि तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तिचं काही कळलं का?" कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "नाही टीचर."

त्यांनी मला माफ केलं का, असं कुणी मला बाहेर गाठून विचारू नका. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही. धीर झाला नाही माझा, आणि मंगळवारी सकाळी त्या गेल्या.

म्हणून आज सांगतो. साळवे टीचरचं काही चुकलं नव्हतं. एकच चूक केली त्यांनी, माझ्यावर विश्वास ठेवला. दोन वर्षं जे त्यांच्या पाठीमागे बोललात, ते आता माझ्या तोंडावर बोला. मी हॉलच्या दाराशी उभा राहणार आहे, पळणार नाही. सेक्रेटरीपद सोडतोय, तशी चिठ्ठी पाळकसाहेबांकडे दिली आहे. त्याने काही भरून निघत नाही, हे मलाही कळतं.

आता आपण उभे राहू या. मोठ्याने प्रार्थना नको, गीत नको. दोन मिनिटं नुसतं गप्प राहू या.

पण त्याआधी एकच. कुठेतरी एक मुलगी आहे, जिचं शिक्षण आपण मोडलं. टीचर गेल्या हे तिला कळायला हवं. पण तिला कळवायची हिंमत आज आपल्यापैकी कुणी करू नये, कारण आपला साधा एक मेसेजसुद्धा तिला पुन्हा घातक ठरेल.

उभे राहा, मंडळी.