सरलाबाईंच्या नावाचा पक्का रंग

"हॅलो? … हॅलो, हो… अगं मावशी, फोन तूच केलायस, मग 'कोण बोलतंय' हे मी विचारायचं… हो, गायत्रीच. … येतोय ना आवाज. बारीक येतोय जरा, आडात वाकून बोलल्यासारखा. खाली भरतकामाच्या मशिनी चालू आहेत, त्यामुळे असेल. … बोल."

सुरतेतल्या पर्वत पाटिया भागातल्या माळ्यावरच्या खोलीत गायत्रीने फोन कान आणि खांद्याच्या चिमट्यात धरला आणि हातातली गोधडी मांडीवर घेतली. सरलामावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला एकटी राहायची आणि रोज दिवेलागणीला फोन करायची. विषय ठरलेले असत: गुडघे, शेजारीण, गायत्रीचं जेवण. त्यामुळे गायत्री ऐकत कमी आणि हुंकार जास्त देत असे. आईमागे याच मावशीने तिला वाढवलं होतं, तेव्हा एवढे हुंकार तर देणं होतंच.

"हं… हं… नाही थांबला रिक्षावाला? मावशी, सुरतेत रिक्षावाला कुणासाठी थांबतो? … एकही नाही? … समोरून रिकामी गेली? … अगं, तू रंगच असला नेसतेस, भिंतीसारखा. त्याला दिसली नसशील. … बरं, त्याला डोळे आहेत, मान्य. … हं… कुठला दाखला? … पेन्शनचा, हयातीचा. … मशीन अंगठा घेत नाही? काय म्हणाला तो मुलगा? … 'मशीन ना पाडे छे, माजी.' मशीनच नाही म्हणतंय तर तो काय करणार. … अगं ऐक ना. तुझ्या अंगठ्याला आता रेघा उरल्यात कुठे? जन्मभर सुई दाबलीस त्याने. ओला करून लाव. … लावला? … पाचही बोटं लावली? … डाव्या हाताचीसुद्धा. बरं."

गायत्री हसली. हसता हसता तिने गोधडीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मावशीच्या गेलेल्या नवऱ्याचे, सुकलालकाकांचे जुने सदरे, मावशीचीच दोन लुगडी, वर मावशीचा टाका. तो असा की आधी कापड फाटेल, मग टाका. गायत्रीने बायांना घेऊन गोधड्यांचा धंदा काढला, त्यातली मावशीची ही पहिली, नमुन्याला ठेवलेली. आणि कोपऱ्यात साटीनच्या पट्टीवर मावशीचं नाव. नावाची पट्टी हा गायत्रीचाच हट्ट. बाया आयुष्यभर गोधड्या शिवतात आणि त्यांचं नाव कुठेच नसतं, म्हणून. पहिल्या पट्ट्यांची शाई एका धुण्यात उतरली होती आणि नवसारीच्या एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर उलट्या अक्षरांत उमटली होती. गिऱ्हाईक भ्यालं. मग ही दुसरी पट्टी. ही गायत्रीने सोड्यात उकळली, ब्लीचमध्ये बुडवली, वॉशिंग मशीनमध्ये इतके दिवस फिरवली की घरातले तिच्याशी बोलेनासे झाले. पट्टीचा कणभरही रंग गेला नाही.

"हं… ऐकतेय. … कावळा? … कावळ्याचं काय? … तू ओट्यावर ताट ठेवून पाणी आणायला आत गेलीस, आणि… हो. … मग कावळा आहे, भात दिसला, शिवला. … त्यात शांतपणे काय अन् अशांतपणे काय? … बरं, आला, शिवला, मान वाकडी करून तुझ्याकडे पाहिलं, आणि गेला. पाहू दे ना. … अगं मावशी, काकांच्या दहाव्याला आठव. दुपार उलटली तरी एक कावळा पिंडाकडे फिरकला नव्हता. कुणी दारू सोडतो म्हटलं, कुणी घर विकत नाही म्हटलं, कुणी माझं लग्न लावून देतो म्हटलं, काही नाही. शेवटी तू पुढे होऊन कायतरी पुटपुटलीस, तेव्हा कुठे… हं. … तुझ्या ताटाला मात्र लगेच आला. … नाही, मी मस्करी नाही करत. … करत होते, आता नाही."

खालच्या मशिनी एकदम थांबल्या. वीज गेली नव्हती, कामगारांचा चहा झाला असावा. त्या शांततेत मावशीचा आवाज मोठा व्हायला हवा होता. तो होता तेवढाच राहिला.

"कधीपासून होतंय हे? … नाव लावल्यापासून म्हणजे? … कुठलं नाव, या गोधडीवरचं? … काय लिहिलंय म्हणजे काय, तुझंच नाव लिहिलंय. ही माझ्या मांडीवरच आहे, वाचून दाखवते. 'सरलाबाई सुकलाल महाजन. हातशिलाई, सुरत. गार पाण्यात धुवावे.' संपलं. … नाही गं, आणखी काही नाही. … वर? वर पट्टी आत दुमडलीय, शिलाईत. कापडाची कड असते तिथे, कड. … बघायची कशाला? … बरं, बघते. तुझ्या समाधानासाठी. थांब, रोल ओढते, त्याच्यावर आखी पट्टी दिसेल."

तिने टेबलाखालून पट्टीचा रोल ओढला आणि बोटांवर उलगडला. ही पट्टी तिने उकळली होती, घासली होती, उन्हात वाळवली होती, रंग जातो का हे दिव्याखाली धरून पाहिलं होतं. वाचली मात्र तिने आत्ताच.

"… काही नाही. … काही नाही म्हणतेय ना. … श्वास घेतला फक्त. … मावशी, एक मिनिट होल्ड कर. … नाही नाही, ठेवू नकोस. फोन कानालाच धर."

ती गॅलरीत गेली. खाली लोटूआप्पांची छपाईची टपरी होती; पट्ट्या त्यांनीच छापल्या होत्या. फोन तिने छातीशी दाबला होता आणि ती दबक्या आवाजात ओरडत होती, तरी तिचं बोलणं फोनमध्ये गेलंच असणार.

"आप्पा, ओ आप्पा. हे वर 'कै.' कुणी टाकलं? … अहो सरलाबाईच्या नावाआधी. … तुम्हीच. का पण? … आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'? … हो, ते दुमडीत जातं हे दिसलं मला. … आप्पा, बाई जिवंत आहे. … अहो, माझी मावशी आहे, मला माहीत नसेल? … हां. … हां. … नाही, बरोबर आहे तुमचं. भांड्यावर तसंच घालतात."

लोटूआप्पांनी अंमळनेरला जन्मभर भांड्याच्या दुकानात तांब्या-परातींवर नावं कोरली होती. माणूस गेलं की घरचे भांडी वाटायचे, आणि भांड्यावर कै. यायचं. नाव टाकून वस्तू वाटायची म्हणजे माणूस गेलेलं, यात त्यांना विचारण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ओळ बारीक अक्षरांत बसवायची होती म्हणून उलट कौतुकाने केली होती. वर त्यांनी दुखवट्याच्या आवाजात विचारलं होतं की बाई कशाने गेली.

"हॅलो. मावशी? आहेस? … ऐकलंस तू. … सगळं? … हो. 'कै. सरलाबाई सुकलाल महाजन. हातशिलाई, सुरत. गार पाण्यात धुवावे. यांच्या स्मरणार्थ.' … हसू नकोस. … नको ना हसू, मला ते बारीक हसणं ऐकवत नाही. … अगं, छपाईची चूक आहे ती. तुझ्या गोधडीपुरतीच. बाकीची एकही अजून लावलेली नाही. रोल जाळते. ही मी आत्ता ब्लेडने काढते, आणि उद्या मशीन अंगठा घेतं की नाही बघ. … अगं, सरकारी कागद थोडाच आहे की लिहिलं आणि झालं… तुला काय झालंय? बरी आहेस ना? जेवलीस का? … काय खाल्लंस? … भाकरी अन् ठेचा. झालं तर. … काय? … परत सांग."

गायत्रीने खाली बसून गोधडी परत मांडीवर ओढली.

"ठेचा तिखट लागला नाही. … अजिबातच? … मिरच्या कुठल्या होत्या? … गावच्या. काळ्या बुडाच्या. … किती घातल्यास? … आणि काही नाही? नाकातून पाणी नाही, उचकी नाही? … राखेसारखा. … कधीपासून? … हं."

खान्देशातली बाई रिक्षावाल्याला दिसेनाशी झाली तर समजून घेता येतं. अंगठा उमटेना झाला तरी घेता येतं. पण ठेचा राखेसारखा लागणं हे डॉक्टरला सांगायचं की भटजीला, हेच कळत नाही. गायत्रीने ब्लेड उचललं आणि टाका शोधला. मावशीने नाव आपल्याच हाताने शिवलं होतं, चौपदरी दोऱ्याने.

"मी काढायला घेतेय. तू बोलत राहा. … काय बोलायचं म्हणजे, काहीही बोल. शेजारणीला शिव्या दे. … थांबू? का थांबू? … कोण आलंय? … 'हे' आलेत म्हणजे? कोण हे? …"

ब्लेड टाक्यात अडकून राहिलं.

"मावशी. काकांना जाऊन चार वर्षं झाली. … मला माहीत आहे तुला माहीत आहे. … कुठे बसलेत? … खाटेवर, भिंतीला पाठ टेकून. … कुठला सदरा? … तो तर इथे आहे गं, माझ्या मांडीवर, चौकोन चौकोन कापलेला. … रोज येतात? … पट्टी लावल्याच्या रात्रीपासून. … तू मला का नाही सांगितलंस? … मी हसेन म्हणून. मी कुठे हसतेय. … बोलतात का? … ऐकू येतं त्यांना आता? … बरं आहे. लूमच्या खडखडाटाने गेलेले कान परत आले म्हणायचे. … बरे दिसतात. हो. … हो."

मशिनी परत सुरू झाल्या. गायत्रीने फोन इतका दाबून धरला की कान दुखायला लागला.

"कशाला आलेत ते? … मावशी, दहाव्याला तू काय पुटपुटलीस? … सांग. … सांग ना. … 'तुम्ही व्हा पुढं, मी येतेच मागून.' … अगं माय. म्हणून शिवला होय तो. … आणि आता त्यांनी तुझ्या नावाआधी कै. वाचलं आणि त्यांना वाटलं तू निघालीस. न्यायला आले. … त्यांना सांग, छपाईची चूक आहे. … सांग की, लोटूआप्पाची चूक आहे, भांडीवाल्याची. त्यांच्या ओळखीचा आहे तो. … काय म्हणाले? … हसले. … तुला काय वाटतं ते नाही विचारलं मी… थांब, विचारते. तुला काय वाटतं?"

 गायत्री नुसतं 'हं' म्हणत राहिली, आणि प्रत्येक 'हं' आधीच्यापेक्षा लहान होत गेला.

"… नाही, मला नाही राग आला. … हो, एकटीच असतेस, मला कळतं. … मी येत नाही फार, तेही खरं. कामाचं म्हणते आणि येत नाही. … हो, खाट रिकामी असते. … पण मावशी, मला कोण आहे? … नवरा आहे, पण तो मला लहानपणापासून ओळखतो का? मी शाळेत पहिल्या दिवशी किती रडले हे सांगणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. तू गेलीस की तेवढं सगळं झालंच नाही असं होईल. … बरोबर आहे, स्वार्थी आहे. तुझ्याकडेच वाढलेय. … नाही, तुला विचारल्याशिवाय कापणार नाही. ब्लेड खाली ठेवलंय. आवाज ऐकलास ना? … तू म्हणशील तसं. म्हणशील तर पट्टी राहू दे, मी फक्त… मी उद्या येते, तुझ्याकडेच राहते. … विचार कर. थांबलेय मी."

तिने खरंच ब्लेड खाली ठेवलं होतं. बोटं मात्र पट्टीवरच होती. साटीन गार होतं, आणि घट्ट, आणि वर लोटूआप्पांनी उमटवलेलं अक्षर ढिम्म बसलेलं.

"हं? … चहा? … त्यांच्यासाठी टाकलास. … पीत बसलेत. … तो संपू दे म्हणतेस. आणि मग? … मावशी, मग काय? … मग काप. … नक्की? … मला बरं वाटावं म्हणून नको म्हणूस. … तुला राहायचंय? … अजून. बरं. अजून म्हणजे अजून. … रडत नाहीये मी, मशिनींचा आवाज आहे तो. … हो, सावकाश पिऊ दे. कुणाला घाई आहे. … बशीत ओतून पितात का? … फुंकर मारतात? … बरं. … काय म्हणतात? … माझं विचारतात? त्यांना सांग, बरं चाललंय. सांग, मजेत आहे, जाड झालेय. … झाला? … थांबते. … झाला? … उठलेत. … तू बघ त्यांच्याकडे. मला काही सांगू नकोस, नुसतं बघ. …

"… कापतेय हं."

चार पदरी दोरा एकेक करून सुटला. शेवटच्या टाक्याला ब्लेड दोनदा घसरलं. मग पट्टी हातात आली, नाव वर, आणि गोधडीच्या कोपऱ्यात थोडं उजळ कापड उघडं पडलं.

"हॅलो? … मावशी? … हॅलो… सरलामावशी, बोल ना. … आहेस का? … हां. … हां, आहेस. आवाज मोठा येतोय. अगं केवढ्याने ओरडतेस. … खाट रिकामी. … हं. … रड. रड तू, मी आहे फोनवर. … काय? … कप भरलेलाच आहे? … काठोकाठ. साय आलीय वर. … मग वाया नको घालवू, मावशी. तू पी तो. … पी, मी थांबते. …

"… कसा लागतोय? … खूप गोड? … हो, त्यांच्या मापाने साखर घातलीस ना. … हं. … पी. सगळा पी. … नाही, मी नाही ठेवत फोन. तुझा झाला की तू ठेव."