दारातून परत गेलेला विटांचा ट्रक

मी किती दचकते ते तुम्हाला माहीतच आहे. कुकरची शिट्टी झाली तरी उडते. पण शिक्रापूरच्या आमच्या नव्या घराची वीट मी पास केलीय, बरं का!

झालं असं, माझे वडील, आप्पा, शिरूरला गेले होते, गवंडी अजून यायचा होता आणि भट्टीवरून लाल विटांचा ट्रक दारात आला. मी एक वीट हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात ड्रायव्हरनं घाईनं हॉर्न मारला. मी दचकले, वीट मातीत पडली आणि तिचे तुकडे झाले.

"पाडल्यावर फुटणारच की वो, ताई!" तो हसला.

पण कमरेएवढ्या उंचीवरून पडली तरी पक्की वीट फुटत नाही. आप्पा नेहमी तशीच पारखून घेतात. मी दुसरी पाडली, फुटली. तिसरीही फुटली. आतून कच्चीच. आणि याच विटांवर आमचा वरचा मजला उभा राहणार होता!

फुटका तुकडा त्याच्यापुढं धरून म्हटलं, "गाडी परत न्या."

"आप्पास्नी येऊ द्या. तुम्हाला काय कळतंय?"

"आप्पा आले तरी वीट हीच राहणार ना?"

गेला बडबडत. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर नवा माल घेऊन आला. आप्पा दारातच उभे होते.

"आप्पा, उतरवू का?"

"मला काय इचारतो?" आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "साहेब तिकडं उभ्या हायेत."