शेवट आधी सांगणारा रघूभाऊ

वहिनी, संजय, बेल्ह्याची समदी मंडळी, आणि बाजाराचा दिवस असून दुकानं बंद ठेवून आलेले व्यापारी लोक.

मला बोलायची सवय नाही. मी पिंपरी पेंढारचा टेम्पोवाला. आमचं बोलणं हॉर्नवर भागतं. माझ्याआधी बरेच जण बोलले. रघूभाऊ देवमाणूस होता, त्याच्या मेडिकलमधून गोरगरीब कधी रिकाम्या हातानं गेला नाही, असं सगळं. ऐकलं मी. मला सांगायचंय ते यातलं नाही. माईक जरा खाली करा.

रघूभाऊ कुठलंही पुस्तक शेवटापासून सांगायचा, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या मानाखातर मीही शेवट आधी सांगतो.

त्याला कावीळ झालीय, असं तुम्ही सगळे त्याला सांगत होतात. घरचे, शेजारचे, दवाखान्यातले, सगळे. आणि एक दिवस त्याला कळलं की कावीळ नाही, पोटात गाठ आहे आणि आता उपाय नाही. हे त्याला कोणी सांगितलं, ते त्याचा पोरगा संजय तेव्हापासून शोधतोय. नर्सवर संशय घेऊन झाला. त्या पोरीला रडवून झालं. संजय, तिची माफी माग. तुझ्या बापाला मी सांगितलं.

खाली बस. बस बाळा. माझं ऐकून घे, मग माझी कॉलर धर.

आमची ओळखच पुस्तकांमुळं झाली. वाशीला माल उतरवून माळशेज घाटानं परत यायचो, तेव्हा कल्याणच्या रद्दीवाल्याकडून पुस्तकं उचलायचो. रहस्यकथा आणि विज्ञानकादंबऱ्या, दुसरं काही नाही. आधी वाचायचा मान रघूभाऊचा. गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध देता देता तो पुस्तक संपवायचा. मग माझ्या हातात ठेवून म्हणायचा, ‘डॉक्टरच्या बायकोनं मारलंय. वाच आता निवांत.’ वर हसायचा. ते हसणं तुम्ही पाहिलंय. इथं कितीजणांची पुस्तकं त्यानं अशी नासवली? हात वर करा. बघा, वहिनींचाही हात वर आहे.

पण त्याला पुस्तक कळायचं, राव. लई कळायचं. म्हणायचा, ‘पहिल्या प्रकरणात जो बिनकामाचा गोड वागतो ना, त्याच्यावर नजर ठिव.’ यंत्रमानवाला रडू आलं की तो पुस्तक मिटायचा. ‘लेखकाला जेवायची घाई झाली,’ म्हणायचा. एका कादंबरीत शास्त्रज्ञ शंभर वर्षं पुढं जातो, तर तिथंही त्याला गोरीपान प्राध्यापकाची मुलगीच भेटते. त्यावर रघूभाऊ म्हणाला, ‘एवढं पेट्रोल जाळून ह्यो गेला कुठं, तर सदाशिव पेठेत!’ खोडदच्या बाजूला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या, तेव्हा हा रविवारी सायकल काढून बघायला जायचा. आकाशातून कोणी बोललं तर पहिलं आपल्या तालुक्याला ऐकू येणार, याचा त्याला भारी अभिमान.

मला मात्र रहस्यकथेत एकच गोष्ट बघायची सवय. लेखकानं पुरावा वाचकासमोर ठेवला पाहिजे. लपवून ठेवला आणि शेवटच्या पानावर खिशातून काढला, तर तो लेखक नाही, खिसेकापू आहे. यावर आम्ही दोघं दुकानाच्या फळीवर बसून किती भांडलो असू.

आता कमलचं बोलतो. कमल म्हणजे माझी बायको. वहिनींना आठवत असेल.

तिचं पोट दुखायचं. मी कांद्याच्या भाड्यांत अडकलेलो. रघूभाऊ म्हणाला, ‘पुण्याला माझ्या वळखीचे डॉक्टर हायेत, मी नेतो वहिनींना.’ नेलं. तपासलं. परत आल्यावर मला म्हणाला, ‘अल्सर हाय. पथ्य पाळा.’ दिवाळीच्या जरा आधीची गोष्ट. होळीला कमल गेली. तेव्हा मी घाटात होतो, टेम्पोत कांदा होता.

दहाव्यानंतर त्याच्या शर्टाला धरून विचारलं मी, तुला ठाऊक होतं का? म्हणाला, ‘व्हतं.’ मग सांगितलं का नाहीस? तर हा माणूस मला काय म्हणाला माहितीये? ‘तूच म्हनायचा ना, शेवट सांगू नगंस.’

बघा. असा देवमाणूस. ज्यानं अख्ख्या बेल्ह्याला खुन्यांची नावं सांगितली, त्यानं माझ्या घरातला शेवट तेवढा माझ्यापासून लपवला.

त्या हिवाळ्यात कमल मला सारखी म्हणायची, ‘एकदा मला टेम्पोत बसवून न्या की. समुद्र तरी बघू द्या.’ मी म्हणायचो, कांद्याच्या वासात कुठं बसतीस, सीझन उरकू दे. तिच्या भाचीला साड्या देऊन टाकल्या तिनं. थोरल्या सुनेला पापडाचं प्रमाण शिकवलं. मी बघत होतो आणि वाटेत डिंगोऱ्याला चहा पिताना पुस्तकातल्या कोणा परक्या माणसाचा खून कोणी केला, याचा विचार करत होतो.

त्याच हिवाळ्यात रघूभाऊनं मला एक विज्ञानकादंबरी दिली. पहिल्यांदाच शेवट न सांगता दिली. यान लांब निघालंय. मागं पृथ्वी संपलीय. ते एकट्या कप्तानाला कळलंय आणि बाकीचे पत्ते खेळतायत. तो सांगत नाही. वाचून झाल्यावर रघूभाऊनं विचारलं, ‘कप्तान बराबर वागला का रं?’ मी म्हणालो, हरामखोर आहे. सांगायला पाहिजे होतं. त्यावर हा गोळ्या मोजत बसला. मला वाटलं, पुस्तकावर चर्चा झाली.

त्यानंतरही मी त्याच्या दुकानात जात राहिलो. पुस्तकं दिली, घेतली. तुम्हाला वाटलं, काय दोस्ती आहे! दोस्ती नव्हती. मी वाट बघत होतो. येताजाता टोमणे मारायचो. गिऱ्हाईकांसमोर म्हणायचो, ह्याला विचारू नका, हा माणूस मरणसुद्धा लपवतो. तो ऐकून घ्यायचा आणि पुढचं पुस्तक मागायचा.

मग त्याची वेळ आली. संजय, तू मला विश्वासानं खरं सांगितलंस, कारण पुण्याला माझ्याच गाडीनं न्यायचं होतं. चूक केलीस.

त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच. डोळे हळदीसारखे पिवळे. पोटावर पुस्तक उघडं. म्हणाला, ‘भाऊ, खरं सांग. कावीळ इतके दिस ऱ्हाती का?’ मी म्हणालो, ‘कावीळ न्हाई. गाठ हाय, पसरलीय. तू दिवाळी बघत न्हाईस.’ एवढंच. सांगून मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई हलकं वाटलं.

त्यानं पुस्तक मिटलं. खूण घातली नाही. मग म्हणाला, ‘कमलवहिनीला ठाऊक व्हतं.’

मी म्हणालो, काय?

म्हणाला, ‘डागदरनं तिच्यादेखतच सांगितलं. तिनं माझा हात तिच्या डोक्यावर ठिवून शपथ घ्याया लावली. म्हनली, त्यास्नी कळलं तर गाडी उभी करून उशाशी रडत बसतील. मला त्यांचं रडनं बघायचं न्हाई. मला एकदा त्यांच्या गाडीत बसायचंय.’

मंडळी, हे त्यानं मायेनं सांगितलं असं मनात आणू नका. मी त्याचं तोंड बघत होतो. पुस्तक हातात देताना हसायचा ना, तसाच हसला. मी त्याला त्याचं सांगितलं, त्यानं मला माझं. फिट्टंफाट.

आणि पुरावा कोणी लपवला होता? कोणीच नाही. ती बाई रोज माझ्यासमोर ठेवत होती. मी, एवढा मोठा वाचणारा.

त्यानंतर रघूभाऊनं पुस्तक उघडलं नाही. वहिनींनी पुढं केलं तर तोंड फिरवलं. मीही तेव्हापासून एक पान वाचलेलं नाही.

इतकी वर्षं माझ्या शिव्या खाऊन त्यानं एका बाईची शपथ पाळली. अजून थोडे दिवस पाळली असती तर? मी त्याला शिव्या देत सुखानं मेलो असतो. आता कोणाला देऊ? ती नाही. हाही नाही. संजय, तू ये आता, कॉलर धरायची तर धर. मी हात वर करणार नाही.

नाही येत? बरं.

मग उभे राहा सगळे. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. वहिनी, तुम्ही रडलात तरी चालेल.

रघ्या, एवढा एक शेवट नको होतास रे सांगायला.