बाथरूममधली युका

जपानी गाण्यांच्या नादी लागू नका रे, संसार मोडता मोडता वाचतो. आमच्या ऑफिसात जपानहून मोठे साहेब येणार होते, म्हणून कराओके ठेवलं होतं. मला थोडंफार जपानी येतं, तेव्हा मी तिकडच्या मुलींच्या एका ग्रुपचं गाणं निवडलं. त्यात ओळ संपली की ती गाणाऱ्या मुलीचं नाव चाहत्यांनी ओरडायचं, अशी पद्धत आहे. मी बाथरूममध्ये सराव करत होतो.

“युका! युका!”

बाहेरून बायको म्हणाली, “अहो, कोण ही?”

“गाण्यातली आहे गं.”

“मग नळ सोडून कशाला हाका मारताय?”

दोन दिवस ताटात नुसती मुगाची खिचडी. तिसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं, “कराओकेला मीही येणार. बघू दे तुमची युका.”

आली, आणि बसली थेट साहेबांच्या शेजारी. मी पहिली ओळ संपवली मात्र, साहेब ताडकन खुर्चीवर चढले आणि ओरडले, “युका!” डोळ्यांत चक्क पाणी!

कोथरूडला परतताना मी स्कूटरवर विचारलं, “आता तरी पटलं ना?”

“तुमचं पटलं हो,” ती मागून म्हणाली. “त्या साहेबांच्या बायकोचा नंबर आहे का तुमच्याकडे?”